साक्षीदाराचे हात दिसू द्या

"पाण्याची मोटर मी चोरलेली नाही," असं मी भर कोर्टात मोठ्यानं म्हणाले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मावशींनी शेजारणीला विचारलं, "एवढी शिकल्यासारखी दिसतीया बाई, हिला मोटर कशाला लागत हुती गं?"

मला ते स्पष्ट ऐकू आलं. हसायची सोय नव्हती, कारण मी शपथेवर होते. मोटर चोरल्याचा आरोप माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कर्णबधिर तरुणावर होता. तो हातांनी सांगत होता आणि मी तोंडानं. दुभाष्यानं "तो म्हणतो की" असं मधे लावायचं नसतं. तो "मी" म्हणाला की आपणही "मी"च म्हणायचं. या हिशेबानं मी आजवर कोर्टात नवऱ्याला सोडलंय, शेजाऱ्याचा बांध कोरलाय, आणि तो कोरलेला नाही असंही तितक्याच ठामपणे सांगितलंय. घरी मात्र मी साधीसरळ निवृत्त शिक्षिका आहे.

माझी सगळी नोकरी कोल्हापुरात कर्णबधिर मुलांच्या शाळेत झाली. कोर्टाचं काम नंतर मागं लागलं. ज्याला बोलता येत नाही अशा साक्षीदारानं लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यावी, दुभाषी किंवा विशेष शिक्षक मदतीला घ्यावा आणि खुणांनी दिलेल्या साक्षीचं चित्रीकरण करावं, असं कायदाच सांगतो. त्यातली विशेष शिक्षक मी. चित्रीकरणाचा मला पहिल्यांदा राग यायचा. आता वाटतं, बरं आहे. माझं चुकलं तर ते कुणालाही पुन्हा बघता येतं.

लोक विचारतात, "एवढं कशाला? लिहून द्यावं की त्यांनी." त्यांना मी सांगते, मराठी आपण कानांनी शिकलो. जन्मापासून ज्याला ऐकूच आलं नाही, त्याला मराठी ही शाळेत शिकलेली परकी भाषा. सही येते, गावाचं नाव वाचता येतं, पण कोर्टाची नोटीस त्याला तशीच दिसते जशा निपाणीच्या पुढं गेल्यावर दुकानांच्या कानडी पाट्या आपल्याला दिसतात. अक्षरं सुंदर, कळत काही नाही.

त्या मोटरवाल्या मुलाला जामीन मिळाला. त्याला वाटलं, सुटलो. पुढच्या तारखेला तो गेलाच नाही आणि त्याच्यावर वॉरंट निघालं. तेव्हा विनायकनं मला दुकानात बोलावून घेतलं. विनायक माझा जुना विद्यार्थी. त्यालाही ऐकू येत नाही. शाहूपुरीत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि जिल्ह्यातले कर्णबधिर लोक व्हॉट्सअ‍ॅपवर ज्या गटात खुणांनी गप्पा मारतात, तो गट त्यानंच काढलेला.

"जामीन म्हणजे काय?" त्यानं खुणेनं विचारलं.

मी अर्धा तास समजावलं. मग तो म्हणाला, "हे तुम्ही मला सांगितलंत. बाकीच्यांना कोण सांगणार? व्हिडिओ करू."

कायद्याचं बोलायचं तर वकील हवा. मी तेजस्विनीला पकडलं. ती वकिली करते आणि लॉ कॉलेजात शिकवायलाही जाते. ती आपले दोन-तीन विद्यार्थी घेऊन आली. दुकानाच्या मागच्या खोलीत जुन्या मोबाइलची खोकी बाजूला सारून आम्ही पांढरी चादर लावली. एक विद्यार्थी उत्साहानं पुढं होऊन म्हणाला, "जामीन म्हणजे बेल." विनायक ओठ वाचतो. त्यानं तीन बोटं उभी करून पान दाखवलं, पिंडीवर वाहिलं आणि विचारलं, "महादेवाचा?"

त्या दिवशी त्या मुलांच्या लक्षात आलं की आपल्याला शब्द माहीत आहेत, अर्थ सांगता येत नाही. कायद्याचा एकही शब्द न वापरता जामीन समजावून सांगा, असं तेजस्विनीनं त्यांना सांगितलं आणि सगळे डोकं खाजवत बसले. शेवटी विनायकनंच खूण काढली. मनगटाला दावं बांधलेलं, पण लांब सोडलेलं. चर, फिर, घरी राहा. बोलावलं की हजर. खटला काही संपलेला नाही. 'तारीख' या शब्दाला मुलांनी कॅलेंडरचं पान उलटून मान खाली टाकायची खूण केली. तेजस्विनी म्हणाली, "असं नको, कोर्टाचा अवमान वाटेल." पण तीच खूण सगळीकडं पसरली. अजून तीच चालते.

सगळ्यात जास्त वाद झाला तो 'ताबा' या शब्दावर. शेतजमिनीचाही ताबा आणि लेकराचाही ताबा. कायद्याच्या मराठीत शब्द एकच. आम्ही मूठ आवळून ओढून घ्यायची खूण केली, तर विनायक चिडला. "शेत आणि पोर एक?" मग लेकरासाठी वेगळी खूण केली. एक हात डोक्यावर, एक पाठीवर. तो व्हिडिओ दोन मिनिटांचा होता. बाप गेला तर आई हीच मुलाची नैसर्गिक पालक. दुसऱ्या कुणी मूल ठेवून घेतलं तर कोर्टात अर्ज करता येतो. कोर्ट मुलाचं हित बघतं. एवढंच.

व्हिडिओ बघून लोक विनायकला व्हिडिओ कॉल करू लागले. काही प्रश्न असे यायचे की तेजस्विनीकडंही उत्तर नसायचं. एका गृहस्थानं विचारलं, "शेजारी माझ्या पाठीमागं मला शिव्या देतो. केस होईल का?" मी विचारलं, तुम्हाला कसं कळतं? तो म्हणाला, "माझ्या समोर उभे असलेले लोक हसतात."

सगळ्यांपर्यंत आम्ही पोचलो असं मात्र नाही. एक म्हाताऱ्या बाई भावजयीबरोबर दुकानात आल्या होत्या. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, दुसरा कर्णबधिर माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांच्या खुणा फक्त भावजयीला कळत होत्या, आणि तक्रार बहुधा भावजयीबद्दलच होती. बहुधा म्हणते, कारण मला नक्की कळलं नाही. बराच वेळ त्या माझ्या हातांकडं बघत बसल्या आणि मी त्यांच्या. मग भावजय त्यांना घेऊन गेली. तिथं ना व्हिडिओ कामाला आला, ना मी.

संगीताचा कॉल आला तेव्हा मी दुकानातच होते. एका हातात मोबाइल धरून ती उरलेल्या एका हातानं बोलत होती. याला आम्ही निम्मं बोलणं म्हणतो. विनायकनं तिला मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवायला सांगितलं. तिनं तो डब्याला टेकवला, मागं सरकली आणि तिचे दोन्ही हात सुरू झाले.

संगीताचं माहेर आजऱ्याजवळचं. काजूच्या कारखान्यात बिया सोलायचं काम करायची. निवासी शाळेत शिकल्यामुळे तिच्या खुणा अगदी स्वच्छ. नवरा प्रकाश, गडमुडशिंगीचा. तोही कर्णबधिर. काविळीनं गेला. त्यानंतर ती थोडे दिवस माहेरी आली, तेव्हा सासऱ्यांनी सहा वर्षांच्या नातीला, ईश्वरीला, शाळा बुडते म्हणून ठेवून घेतलं. पुढं ती आणायला गेली तर दार लावून घेतलं. ईश्वरीला ऐकू येतं, बोलता येतं. सासरे गावभर सांगत होते, "मुकीकडं दिली तर पोरगीबी मुकीच व्हायची."

"तुमचा व्हिडिओ बघितला," संगीता म्हणाली. एक हात डोक्यावर, एक पाठीवर, अशी आमचीच खूण तिनं केली. "हे मला पाहिजे."

तेजस्विनीनं कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. दुभाषी म्हणून माझं नाव आलं, तेव्हा समोरच्या वकिलांनी हरकत घेतली की बाई त्यांच्याच गटातल्या. हरकत रास्त होती. मीही न्यायाधीश मॅडमना सांगितलं की व्हिडिओ करण्यात मी आहे, पण संगीताच्या अर्जाशी माझा संबंध नाही. दुसरा दुभाषी मिळतो का ते बघितलं गेलं, मिळाला नाही. चित्रीकरण होणारच आहे, शंका आली तर ते दुसऱ्या जाणकाराला दाखवू, या अटीवर माझ्यावर काम आलं.

सुरुवातीचं म्हणणं व्हिडिओवरून ऐकायचं ठरलं. संगीता आजऱ्यातल्या एका वकिलांच्या ऑफिसात, आम्ही सगळे कोल्हापुरात. पडद्यावर तिचा चेहरा आला. नुसता चेहरा. ऐकणाऱ्या माणसांना कॅमेरा तोंडावर लावायची सवय. मी म्हणाले, "मॅडम, साक्षीदाराचे हात दिसू द्या." खुर्ची मागं घ्यायला लावली, खिडकी झाकायला लावली, अंगावरची फुलाफुलांची ओढणी काढून ठेवायला सांगितली. फुलांवर बोटं नीट दिसत नाहीत.

मॅडमनी विचारलं, "मुलीला कुठं ठेवावं असं तुम्हाला वाटतं?"

संगीतानं उत्तर सुरू केलं. 'मुलगी'. 'नको'. आणि चित्र थांबलं. हात हवेत तसेच राहिले.

बोलणाऱ्याचा आवाज तुटला की तुटल्याचं कळतं तरी. खूण थांबली की ती पुरी झाल्यासारखी दिसते. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "नको म्हनली की! सायेब, मला कळतंय! पोरगी नको म्हनली ती!"

ते सासरे. गाव त्यांना आण्णा म्हणतं. धिप्पाड माणूस, आवाज असा की पंख्याचा आवाज बंद झाल्यासारखा वाटावा. त्यांचे वकीलही उठले. "मॅडम, याची नोंद व्हावी."

मी म्हणाले, "वाक्य अपुरं आहे. अपुऱ्या वाक्याचं भाषांतर मी करणार नाही." एवढ्या वर्षांत मी कुणाला कोर्टात अडवलं नव्हतं.

चित्र परत आलं तेव्हा संगीताचं सांगून झालेलं होतं. तिला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "मुलगी तिथं नको." पण आता समोरचे वकील म्हणायला मोकळे होते की मधल्या वेळात तिला कुणीतरी शिकवलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि साक्ष प्रत्यक्षच घ्यायची, असा आदेश दिला. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं. व्हिडिओमुळे संगीता कोर्टाच्या दारापर्यंत आली, हे खरं. पण ज्या कामात एक खूण हुकली तर लेकरू हुकतं, तिथं माणूस समोर हवा.

ठरल्या तारखेला ती आईबरोबर एस.टी.नं आली. उलटतपासणी कडक झाली.

"मुलगी झोपेत रडली तर तुम्हाला कसं कळतं?"

"तिचा पाय माझ्या पोटावर असतो. रडायच्या आधी ती पाय आखडून घेते."

"बाहेरून कुणी आग आग म्हणून ओरडलं तर?"

"मला ऐकू येणार नाही. धुराचा वास येईल. घरात माझी आई आहे, तिला ऐकू येतं."

"मुलीला बोलायला कोण शिकवणार?"

संगीता म्हणाली, "ती बोलते. फार बोलते. अंगणवाडीतल्या ताईंची तक्रार होती."

मॅडमही हसल्या. वकिलांनी कागद चाळले आणि खाली बसले.

दुपारी सगळे बाहेर व्हरांड्यात होतो. मॅडमना मुलीशी बोलायचं होतं म्हणून आण्णा ईश्वरीला घेऊन आले होते. दोन वेण्या, गालावर तीळ. घरात तिच्या नावाची खूण म्हणजे त्या तिळावर बोट. आईला बघताच पळत आली आणि तिच्या कमरेला बिलगली. आण्णा मागून आले आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असे ओरडले, "तुज्या आईला सांग, आमाला कोर्टात हुभं केलंस, आता गावात तोंड दावाय जागा ऱ्हायली न्हाय!"

ईश्वरीनं आईकडं तोंड केलं आणि हातांनी म्हणाली, "आण्णा विचारतात, जेवलीस का?"

मी बघतच राहिले. संगीता संतापलेलीच होती. तिचे हात सटासट चालले. "त्यांना सांग, माझी मुलगी तुम्ही चोरलीत."

ईश्वरी आण्णांकडं वळली आणि मोठ्यानं म्हणाली, "आई म्हणती, आण्णा तुमी लई बारीक झालाय."

आण्णांनी शर्टाची बाही उगाच खाली ओढली. मग हळू म्हणाले, "म्हनावं, झोप लागंना."

एवढंसं पोर किती सहज करत होतं ते. सरावाचं होतं. घरात प्रत्येक भांडणात तीच मधे उभी राहत असणार आणि दोन्हीकडचे दगड तीच झेलत असणार. माझा चेहरा संगीतानं वाचला. "काय झालं?" तिनं मला विचारलं. व्हरांड्यात माझ्यावर शपथ नव्हती. तरी मी तिला आण्णा खरं काय म्हणाले आणि ईश्वरीनं काय सांगितलं, दोन्ही सांगितलं. तेजस्विनीनं ते माझ्याकडून समजून घेऊन आण्णांना सांगितलं.

संगीता खाली बसली. ईश्वरीचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन तिनं मांडीवर ठेवले आणि तसेच धरून ठेवले. पोरीला वाटलं आपण काहीतरी चुकलो. ती रडायला लागली.

मॅडम मुलीशी बोलल्या आणि मग त्यांनी दोन्ही बाजूंना समुपदेशकांकडं पाठवलं. छोटी खोली, मधे टेबल. ईश्वरी बाहेर आजीजवळ. संगीता म्हणाली, "मुलगी माझ्याकडं. सुट्टीत आण्णांनी न्यावी. रोज व्हिडिओवर बघावी. मी अडवणार नाही. पण माझ्याशी बोलायचं ते त्यांनी स्वतः बोलायचं. मधे मुलगी नको."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "ह्या वयात मी आता हातवारं शिकू व्हय?"

मी ते संगीताला सांगितलं. तिनं मान हलवली. हो.

आण्णा टेबलाकडं बघत बोलले ते कुणालाच नाही, अशा आवाजात. त्यांना तसा आवाज आहे हे मला तेव्हा कळलं. "पोरगं गेलं माजं. त्याच्यासंगं मी काय बोललो? जेव. ये. म्हशीला पानी दाव. एवढंच येत हुतं मला. ह्या पोरीसंगं लगीन झालं आनि त्यो हात हालवत, हसत बसायचा तासन्‌तास. काय बोलत्यात आमाला कळायचं न्हाय. मी आपला उठून गोठ्यात जाऊन बसायचो."

माझे हात हे सगळं संगीताला सांगत होते. तिचे डोळे भरले. ती म्हणाली, "प्रकाश तुमच्याबद्दल बोलायचा."

"काय बोलायचा?" आण्णा पुढं सरकले.

"शिकलात की सांगेन."

मी हे वाक्य मोठ्यानं म्हटलं आणि समुपदेशक बाईंनी पेन खाली ठेवलं.

तडजोड झाली आणि तसाच आदेश झाला. ईश्वरी आजऱ्याला गेली. मला वाटलं, आण्णांचं शिकायचं बोलणं कोर्टापुरतं असेल. पण पुढच्याच आठवड्यात ते शाहूपुरीत दुकानासमोर उभे. विनायकला म्हणाले, "रामराम पावणं," आणि मग ह्याला ऐकू येत नाही हे आठवून ओशाळले. विनायकनं त्यांना खुर्ची दिली.

विद्यार्थी म्हणून आण्णा अवघड. बोटं शेणामातीची, जाड, वळायची नाहीत. शिवाय खूण करताना तोंडानं ओरडायची सवय. जितकी खूण चुकेल तितका आवाज मोठा. विनायक त्यांना शांतपणे बोटं धरून शिकवायचा. मी घरी सरावासाठी व्हिडिओ पाठवायची. आण्णा ते चावडीवर बसून बघायचे. लोकांनी चेष्टा केली, तर त्यांनाच चार खुणा शिकवायचे. दर चार-दोन दिवसांनी मला फोन यायचा. "बाई, 'उद्या' कसं करायचं? 'काल' करून बसलो, घोटाळा झाला." एकदा विचारलं, "आगाऊ म्हनायला काय करायचं?" मी विचारलं, कुणाला म्हणायचंय? "सुनंला," म्हणाले.

प्रकाश काय बोलायचा ते संगीतानं पुढं त्यांना सांगितलं. मी तिथं नव्हते. आण्णांनीच मला फोनवर सांगितलं, "सांगितलं बरं का तिनं." मी विचारलं, "काय?" तर म्हणाले, "ते आमच्यातलं हाय, बाई." दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचीच माझी नोकरी, पण या एका बोलण्याला माझी गरज लागली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला गडमुडशिंगीला जेवायला बोलावलं. ईश्वरी तिथंच होती. जेवणं झाल्यावर आण्णांनी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला. तेवढं आता त्यांना कुणी सांगावं लागत नाही. पडद्यावर संगीता आली आणि दोघांचं सुरू झालं. विषय ईश्वरीच्या शाळेचा. आण्णांचं म्हणणं, पुढच्या वर्षी कोल्हापुरात घाला. संगीताचं म्हणणं, आजऱ्यातच बरी आहे. आण्णा चुकीची खूण करायचे, संगीता ती दुरुस्त करायची आणि मग दुरुस्त केलेल्या खुणेनं आण्णा पुन्हा भांडायचे. "एवढं कळतं तर मला कशाला विचारता?" असं संगीता म्हणाली, ते त्यांना माझ्या आधी कळलं.

ईश्वरी दारात येऊन उभी राहिली. पडद्याकडं बघितलं, आण्णांकडं बघितलं. दोघांपैकी कुणीच तिच्याकडं वळेना. तिनं जरा वेळ वाट बघितली, मग चप्पल घातली आणि खेळायला गेली.